मयत यादीतल्या रंभावहिनी

आशालता गाडेकरचा कागदावर भारी विश्वास. देवावरही होता, सकाळी सातच्या आत पूजा आणि गुरुवारचा उपास यांत कधी खंड नाही. पण देव रुसला तर नारळ फोडून मनवता येतो, कागद रुसला तर कुणाच्या बापाला मनवता येत नाही, असं तिचं ठाम मत. हे मत तिला बार्शीनं दिलं. लग्नाआधी सहा वर्षं ती तिथं नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर रोजंदारीवर कारकून होती. एका वहीत येणारे, दुसऱ्या वहीत जाणारे. नातवंडाचा दाखला काढायला आलेला म्हातारा आठ महिन्यांनी दुसऱ्या वहीत गेलेला तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता.

माहेरी ती विमल. लग्नात शरदचंद्रांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं आशालता लिहिलं आणि ती आशालता झाली. नवरा काटेकोर माणूस. हळद उतरते न उतरते तोच त्यांनी नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून आणलं, त्या पानाला प्लास्टिक चढवलं आणि ते तिच्या हातात देत म्हणाले, "मंगळसूत्र हरवलं तर नवं करू. हे हरवू नकोस." तेव्हापासून तिला वाटे की जगातले सगळे नवरे असंच करत असणार.

शरदचंद्रांची बदली पुण्याला झाली तशी दोघं नांद्याला राहायला आली. हैबतराव ढमाल्यांच्या बंगल्यावर माडीच्या दोन खोल्या भाड्यानं. हैबतरावांची जमीन बिल्डरला गेलेली. पुढं जीप, मागं गोठा, गोठ्यात गाय नाही. वय साठीला टेकलेलं, बोलणं मोजकं. घर चालायचं ते त्यांच्या बायकोच्या, रंभावहिनींच्या आवाजावर. वहिनी चाळिशीच्या. पाच वर्षांत त्यांनी आशालताकडं भाज्यांच्या वाट्या किती पोचवल्या याला गणती नाही. वर येताना जिन्यातूनच ओरडायच्या, "ताई, दार उघडा, हात भरल्यात!"

नोकरी आशालताला सूसला मिळाली. हार्डवेअरच्या दुकानावर एक छोटं ऑफिस होतं, मालक अण्णासाहेब, निवृत्त फौजदार. हिंजवडीच्या कंपन्यांत कंत्राटी माणसं लागतात; वॉचमन, ड्रायव्हर, झाडलोट करणाऱ्या बाया, स्वयंपाकी. त्यांना गेटच्या आत सोडायच्या आधी ती खरंच तीच माणसं आहेत ना, हे तपासून द्यायचं, हा अण्णासाहेबांचा धंदा. आधी हे काम फायलींवर चाले. आशालता दाखले ताडून पाही, अण्णासाहेब मोटारसायकलवर बसून गावात चौकशी करून येत. २००९च्या दिवाळीत कंपन्यांनी सांगितलं, आता सगळं ऑनलाइन हवं. मग अकोल्याचा ऋषिकेश आला आणि त्यानं सिस्टीम बांधली.

सिस्टीम म्हणजे काय तर एक पान. कंत्राटदारानं माणसाचं नाव-गाव भरायचं, कागद स्कॅन करून चढवायचे, आणि सिस्टीमनं ते एकमेकांशी जुळवून बघायचे. पण कशाशी काय जुळवायचं, आणि जुळलं नाही तर काय करायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. ऋषिकेशनं आशालतासमोर एक यादी उघडली. दर ओळीत एक तपासणी आणि तिच्यापुढं तीन गोल. सोडा. थांबवा. माणसाला दाखवा.

"मॅडम, कोडिंग माझं, डोकं तुमचं," तो म्हणाला. "कुठल्या चेकला कुठला गोल, ते तुम्ही सेट करा. मला रेशनकार्ड आणि दाखला यांतलं जास्त खरं कोणतं, यातलं घंटा काही कळत नाही."

"तोंड सांभाळ. दत्ताचा फोटो आहे समोर."

"सॉरी मॅडम. सॉरी महाराज."

तीन दिवस ती पेन्सिल घेऊन बसली. मेथी निवडावी तशी एकेक ओळ निवडली. नाव शंभरातलं ऐंशी जुळलं पाहिजे, नाहीतर थांबवा. जन्मतारीख तंतोतंत, नाहीतर थांबवा. लग्नानं नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाहनोंदणी, नाहीतर थांबवा. तिसरा गोल तिनं जवळजवळ वापरलाच नाही. माणसालाच दाखवायचं तर कॉम्प्युटर आणला कशाला?

आणि एक तपासणी तिनं आपल्या मनानं वाढवली. मागल्या वर्षी एक वॉचमन सापडला होता, जो मेलेल्या भावाच्या दाखल्यावर दोन वर्षं नोकरी करत होता. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. बार्शीच्या टेबलावर असती तर तिनं हे होऊ दिलं नसतं. म्हणून तिनं आसपासच्या गावांतल्या मृत्यूनोंदी मागवून आणल्या, दुपारचा डबा एका हातानं खात टाइप केल्या आणि ऋषिकेशला म्हणाली, "यातलं नाव आलं की थांबव. लाल अक्षरांत." त्या तपासणीला ऑफिसात सगळे मयत यादी म्हणू लागले. आशालताला तिचा अभिमान होता.

पहिल्याच सोमवारी घोळ झाला. चौऱ्याण्णव माणसांपैकी एकसष्ट अडकली. ऋषिकेश खुर्चीतून उडाला. "मॅडम, रॅकेट! बघा ना, सगळ्यांची जन्मतारीख सेम आहे. एक जून! एकच माणूस बसून बनवतोय हे!"

एका तारखेची तीनपेक्षा जास्त माणसं आली तर थांबवा, ही ओळ आशालतानंच लावली होती.  तिनं अण्णासाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवून यादी पाहिली आणि पोट धरून हसायला लागले.

"अहो बाई, तो एकच माणूस म्हणजे शाळेतला मास्तर! पोरगं नाव घालायला आलं की आई सांगणार, पेरणीच्या वेळचं आहे, नाहीतर देवीच्या जत्रेच्या आधीचं. मास्तर काय लिहिणार? शाळा जूनला सुरू, वय बसवायला सोपं, लिहा एक जून. माझाही एक जूनच. करा अटक."

बार्शीतही असे दाखले तिनं शेकड्यांनी पाहिले होते. पण तिथं ते एकेक करून समोर यायचे, इथं ते सगळे एकदम एका पानावर उभे राहिले, आणि ओळखीचं माणूस गर्दीत अनोळखी वाटावं तसं झालं. तिनं ती तपासणी काढून टाकली. दिवसभर मात्र मनात सारखं येत राहिलं, की कुंपणाची एक काठी आपण उपटली, आता त्या भोकातून कोण कोण आत येईल देव जाणे.

जानेवारीत हैबतरावांच्या पुतण्याचा साखरपुडा झाला. स्वयंपाकाला आचारी होता, पण मासवडी आणि काळ्या मसाल्याची आमटी रंभावहिनींची. नथूशेठ नावाचा एक कंत्राटदार जेवायला होता. हिंजवडीच्या एका कंपनीत एक फेब्रुवारीपासून तो मराठी जेवणाचं स्वयंपाकघर चालवायला घेणार होता. तिसऱ्यांदा आमटी मागून घेताना त्यानं विचारलं, "ही कुणाच्या हातची?" आणि हात धुवायच्या आतच वहिनींना विचारून टाकलं, माझं स्वयंपाकघर सांभाळता का.

वहिनी धावत माडीवर आल्या. या खेपेला हात रिकामे होते.

"ताई, मी जाऊ का कामाला?"

"तुम्हाला काय कमी आहे वहिनी?"

"कमी कशाची बी न्हाई. त्योच तर ताप हाय." वहिनी उंबऱ्यावरच बसल्या. "रान व्हतं तवा पाटे उठायची ती कंबर टेकायला दिवस मावळायचा. आता भांडी घासायला बाई, फरशी पुसायला बाई. ह्ये जीप पुसत बसत्यात, मी त्यास्नी बघत बसते. चाळीस वर्साची बाई मी, हातापायास्नी मुंग्या येत्यात. आन् त्या कंपनीतल्या बाया गळ्यात कार्ड घालून बसमधी बसत्यात बघा, फोटो आसलेलं. मला बी तसलं पायजे."

"हैबतदादा काय म्हणतात?"

"म्हनत्यात, जा. माज्या आमटीवर दुसऱ्यांनी पैका द्यावा ह्याचं त्यास्नी नवाल वाटतंय."

नथूशेठनं सांगितलं होतं, तपासणी झाल्याशिवाय कंपनी आत सोडत नाही, आणि पन्नाशीपुढचं माणूस स्वयंपाकघरात चालत नाही. आशालता हसून म्हणाली, "तपासणी तर आमच्याच ऑफिसात. उद्या कागद घेऊन चला, मी स्वतः भरते."

दुसऱ्या दिवशी वहिनी इरकल नेसून, हिरव्या बांगड्या भरून सूसच्या ऑफिसात आल्या. ऋषिकेशनं चहा मागवला. आशालतानं फॉर्म भरला. नाव, रंभाबाई हैबतराव ढमाले. रेशनकार्ड चढवलं, मतदार ओळखपत्र चढवलं. वयासाठी शाळेचा दाखला लागत होता. तो वहिनींनी ब्लाउजातून काढलेल्या पाकिटातून दिला, घडीवर फाटलेला. घाईघाईत तोही स्कॅन झाला. आशालतानं बटण दाबलं.

आधी एक लाल ओळ आली. नाव जुळत नाही. मग दुसरी. वयात पंधरा वर्षांचा फरक. मग तिसरी, सगळ्यांत ठसठशीत, कारण ती तशी दिसावी म्हणून आशालतानंच सांगितलेलं होतं:

या नावाची व्यक्ती मयत. मृत्यू दि. १४ फेब्रुवारी १९८८, मौजे नांदे.

वहिनी बशीत चहा ओतून फुंकर मारत होत्या.

आशालतानं स्क्रीनकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं.  ऋषिकेशनं मागून वाचलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे बाप रे. मॅडम, ह्या एक्स्पायर आहेत."

"काय म्हनतुया ह्यो?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही वहिनी. मशीन... मशीन जरा..."  आशालतानं फाटका दाखला उचलला. त्यावर होतं, हौसा कोंडाजी शेडगे, जन्म १ जून १९६९. मतदार ओळखपत्रावर रंभाबाई हैबतराव ढमाले, १ जानेवारी १९९५ रोजी वय एक्केचाळीस. म्हणजे आज छप्पन. आणि त्या छप्पनच्या नावाशेजारी फोटो मात्र या समोर बसलेल्या वहिनींचाच, पंधरा वर्षांनी तरुण.

"वहिनी, ही हौसा कोण?"

"मीच की. म्हायेरचं नाव."

"आणि ही रंभाबाई? अठ्ठ्याऐंशी साली वारलेली?"

वहिनींनी बशी खाली ठेवली. तोंडावर ना राग ना धक्का, बाजारात कुणी मावशीची चौकशी करावी इतक्या साधेपणानं त्या म्हणाल्या, "ती व्हय. ती माजी सवत. थोरली. बाळातपणात गेली, ल्योक बी गेला. वर्सानं मला केली." पदराखाली हात घालून त्यांनी गळ्यातला चांदीचा टाक बाहेर काढला. "ही बघा की. हीच ती. मेलेल्या थोरलीच्या नावानं टाक घडवून धाकलीच्या गळ्यात घालत्यात."

पाच वर्षं आशालतानं तो टाक पाहिला होता. कुलदेवीचा असेल म्हणून कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

"पण नाव तुमचं रंभा कसं?"

"लग्नात नाव बदलत्यातच की. सासू म्हनली, घरात रंभा व्हती, रंभाच ऱ्हाऊ दे, घराला सवय हाय. ह्यांनी तांदळात रंभा लिवलं. रेशनकार्डावर नाव व्हतंच, त्ये खोडून पुना तेच कशाला लिवायचं? कार्डाला बी सोपं. मंग शाळंत मतदानाच्या फोटोला बलावलं, नाव पुकारलं रंभाबाई हैबतराव, मी गेले, बसले, हाल्ले न्हाई. फोटो चांगला आलाय न्हाई का?"

"चांगला आलाय," आशालता म्हणाली. 

वहिनी गेल्यावर ऋषिकेश खुर्ची सरकवत जवळ आला. "मॅडम, एवढं काय टेन्शन? मयत यादीची टिक काढा, ह्यांची केस सोडवा, परत टिक लावा. दोन मिनिटं. कोणाला कळणार?"

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. तिनं माउसवर हातही ठेवला. ज्या बाईनं पाच वर्षं भाजी दिली तिच्यासाठी दोन मिनिटं डोळे मिटायचे, यात पाप ते कसलं? पण मग तो वॉचमन? त्याच्याही शेजाऱ्यानं त्याला चांगलंच म्हटलं असतं. तिनं हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पूजेत तिचं लक्ष लागेना. विष्णूची हजार नावं म्हणताना ती एकशे आठाव्या नावाशीच थबकली. देवाला हजार नावं, एक दुसऱ्याशी जुळत नाही, आणि एकानंही हाक मारली तरी तो येतो. मग मी ऐंशी टक्क्यांचा हट्ट धरते तो का? पण देवाला कुठं गेटपास लागतो, असंही लगेच मनात आलं, आणि चुकलेलं नाव पुन्हा म्हणावं की पुढं जावं तेच तिला कळेना. तिनं उदबत्ती उलट्या बाजूनं पेटवली.

ऑफिसात जाऊन तिनं कागदावर दोन तारखा मांडल्या. मृत्यू अठ्ठ्याऐंशीचा, फोटो पंच्याण्णवचा. मेलेलं माणूस सात वर्षांनी फोटोला बसत नाही! तिचा चेहरा उजळला. ऋषिकेशला हाक मारून म्हणाली, "अशी ओळ लाव. फोटोचा कागद मृत्यूनंतरचा असेल, तर ती व्यक्ती मयत नव्हे. सोडा."

ऋषिकेशनं लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबला. "पण मॅडम, तो वॉचमन... त्याचाही फोटो भाऊ मेल्यानंतरचाच होता ना? मेलेल्याचं नाव आणि जिवंताचा फोटो. सेम टु सेम केस. ह्या ओळीनं तोही सुटला असता."

आशालतानं पेन्सिल खाली ठेवली. तो बरोबर बोलत होता. कागदावर बघितलं तर वॉचमन आणि रंभावहिनी यांत तसूभर फरक नव्हता. त्यानं नाव चोरलं होतं, हिला ते दिलं गेलं होतं. पण दिलं की घेतलं, हे कोणत्या दाखल्यावर छापलेलं असतं? सहा वर्षं ती वह्या लिहीत होती. जन्माची तारीख लिहिली, मृत्यूची लिहिली, मधलं काही विचारायचा रकानाच नव्हता. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला कागद वाचता येतो की नाही?

तिनं अण्णासाहेबांसमोर तीनही कागद ठेवले आणि खरं काय ते सांगून टाकलं. घरमालकीण आहे हेही सांगितलं.

अण्णासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवत तिन्ही कागद चाळले. "बाई, तुम्ही या मशिनीला दोनच गोष्टी शिकवल्यात. सोड, नाहीतर धर. मी बत्तीस वर्षं नोकरी केली. निम्मी माणसं या दोन्हींत बसत नाहीत. तो तिसरा गोल कशाला ठेवलाय?"

"तो वापरला तर सगळ्या केस तुमच्यावर येतील, साहेब."

"येऊ द्या. मोटारसायकल गंजत चाललीय."

त्या दिवशी आशालतानं यादी पुन्हा उघडली. लग्नानं नाव बदललं आणि राजपत्र नसेल, तर माणसाला दाखवा. मयत यादीतलं नाव पण फोटो नंतरचा, तर माणसाला दाखवा. दर गोल हलवताना तिला आपण काहीतरी सैल करतोय असं वाटे, आणि तरी ती हलवत गेली. 'माणसाला दाखवा'च्या रकान्यात दुपारपर्यंत अडतीस केस जमल्या. ऋषिकेशनं कपाळावर हात मारला.

गुरुवारी अण्णासाहेब नांद्याला आले. देवळाच्या पारावर कुशाबा बसला होता, गावातला सगळ्यांत जुना माणूस. आशालता वही घेऊन शेजारी उभी. समोर हैबतराव आणि वहिनी.

"बाबा, ही कोण?"

"ही रंभा."

"आणि हैबतरावांची आधीची बायको?"

"ती बी रंभा."

"मग ही मूळची कुणाची?"

"ही शेडग्यांची हौसा न्हवं का! लग्नाला माज्याच बैलगाडीतनं आनली. वाटंत वकली पोरगी, गाडी मी धुतली. हिला इसरंन व्हय?"

"बाबा!" वहिनी पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"लिवा सायेब, वकली. पुरावा हाय त्यो."

जबाब झाला, अंगठा उमटला. कुशाबाच्या म्हातारीनंही तेच सांगितलं, वर गाडीत किती जणी होत्या तेही सांगितलं. आता एकच प्रश्न उरला. कार्डावर नाव एकच मावत होतं, आणि सिस्टीमच्या नियमानं जन्मतारीख ज्या कागदावरची, नावही त्याच कागदावरचं लागत होतं. दोन्ही नावं जोडून राजपत्र करायचं तर तीन महिने. स्वयंपाकघर तर सोमवारी, एक तारखेला उघडणार.

"म्हणजे आत्ता जायचं तर हौसा," आशालता म्हणाली. "रंभा हवं असेल तर थांबावं लागेल."

 हैबतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "थांबा की मंग. तीन म्हैन्यांनी काय जग बुडतंय? एकदा हौसा लिवलं की ती रंभा समद्या कागदावरनं गेलीच की वो."

"दादा, ती अठ्ठ्याऐंशीलाच गेली."

"व्हय. पंचायतीत मीच सांगितलं न्हवं का." ते टोपीची घडी घालत राहिले. "पर घरात कवा गेली न्हाई. आय म्हनली तसं समजून चाललो."

 आशालतानं वहिनींकडं पाहिलं. तिला वाटलं आता या म्हणतील, राहू द्या ताई, थांबते. एकवीस वर्षं सवतीच्या नावानं नांदली, अमावस्येला तिला निवद दाखवून मगच जेवली. ती काय आता नवऱ्याचा शब्द मोडणार?

वहिनी म्हणाल्या, "आवो, रंभा छप्पनची झालीया. तिला कुटं आता दोनशे मानसांचा सैपाक लावताय? घरात ऱ्हाऊ द्या तिला निवांत. काम मी करनार हाय, भाजनार माजा हात, मंग नाव बी माजंच लिवा." आणि आशालताकडं वळून, "ताई, हौसा लिवा."

सोमवारी सकाळी आशालता नवी कार्डं घेऊन कंपनीच्या गेटवर गेली. नव्या माणसांना ती वाटून सही घ्यायची, हेही तिचंच काम. हैबतरावांनी बायकोला जीपमधून आणून सोडलं. वहिनींनी कार्ड गळ्यात घातलं, फोटोवरून पदरानं पुसलं आणि रांगेत उभ्या राहिल्या.  सगळ्या तपासण्या तिनं लावल्या होत्या. या गेटवरची लावलेली नव्हती.

गार्ड परराज्यातला, हातात यादी. "हौसा शेडगे! हौसा शेडगे कौन है?"

वहिनी खुशाल समोर बघत उभ्या. त्यानं पुन्हा पुकारलं. वहिनींनी मागं वळून पाहिलं, कोण ही हौसा, पुढं का येत नाही. गार्डनं कार्ड पाहिलं आणि आडवा हात घातला. "कार्ड आपके गले में है, और नाम नहीं मालूम? क्या नाम है आपका?"

"रंभा," वहिनी सवयीनं म्हणाल्या.

गार्डनं त्यांना रांगेबाहेर काढलं. आशालता धावली. "भैया, वही है, मैंने खुद चेक किया है..." पण तो ऐकेना. नाव विचारल्यावर माणसानं स्वतः सांगितलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. आणि मनातल्या मनात आशालताला तो नियम चुकीचाही म्हणता येईना. गार्ड हैबतरावांकडं वळला. "आप आदमी हो न इनका? बताओ, क्या नाम है?"

हैबतरावांनी बायकोकडं पाहिलं. जन्मात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती; अगं ए, यावर संसार झाला होता.  "कार्डावर हाय त्येच," ते कसेबसे म्हणाले.

"कार्ड पे जो है वो मुझे भी दिखता है!"

मागं रांगेतले लोक हसायला लागले. नथूशेठ आतून ओरडत होता, तेल तापलं, कुठं आहेत बाया. वहिनींनी पदर खोचला. दोन पावलं पुढं येऊन गार्डच्या यादीवर बोट ठेवलं, जणू पाटीवर पहिला धडा गिरवतायत.

"हौसा. हौसा कोंडाजी शेडगे. गाव नांदे, तालुका मुळशी. मगाशी ऐकू आलं न्हाई, लई वर्सांनी कुनी पुकारलं. लिवा."

गार्डनं एकदा कार्डाकडं, एकदा चेहऱ्याकडं पाहिलं, खूण केली आणि बाजूला झाला. वहिनी आत गेल्या. वळून पाहिलं नाही. चालण्यात घाई होती, तापलेल्या तेलाची.

आशालतानं सह्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आपण बरोबर केलं की एका बाईला पुन्हा एकदा मयत लिहिलं, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं. हैबतराव जीपच्या दाराला टेकून गेटकडं बघत उभे होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमी ह्यातलं शिकलेल्या. सांजच्याला ती घरी येईल तवा कोन येनार, रंभा का हौसा?"

"मला खरंच ठाऊक नाही, दादा. आल्या की त्यांनाच विचारा."

"इचारतो," हैबतराव म्हणाले. पण जीपमध्ये बसले नाहीत. संध्याकाळला अजून नऊ तास होते.